आकडा आधीच माहीत असतो तेव्हा…



आज एक शनिवारची गोष्ट सांगते. गोष्ट साधी आहे, पण तिने मला माझाच नागरिकशास्त्राचा धडा पुन्हा शिकायला लावला.

आमची शाळा सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीला लागून. शनिवारी सकाळची शाळा. कवायत झाली की शेवटचा तास खेळाचा. मैदान एकच आणि तेही लहान. क्रिकेटचा डाव मांडला की खो-खोला जागा उरत नाही. मुलांची भांडणं नकोत म्हणून मी जूनमध्येच एक नियम केला होता. दर शनिवारी मतदान घ्यायचं. क्रिकेट की खो-खो? हात वर करा. ज्याला जास्त हात, तो खेळ.

मला या नियमाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? केंद्रातल्या शिक्षण परिषदेतही मी तो सांगितला होता. "मुलांना लोकशाहीचा प्रत्यक्ष अनुभव" वगैरे.

सातवीत मुलगे सोळा, मुली अकरा. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टच्या एका शनिवारी मी नेहमीसारखं विचारलं, "चला, हात वर करा बघू." मुलींच्या रांगेतून एकही हात वर आला नाही. ना क्रिकेटला, ना खो-खोला. मी विचारलं, "काय गं, आज मत नाही का द्यायचं?" तेव्हा रांगेतली सगळ्यात शांत मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, मतदान कित्याक घेतास? आकडो आमका आधीच ठाऊक आसता."

मतदान कशाला घेता, आकडा आम्हाला आधीच माहीत असतो! सोळा विरुद्ध अकरा. दर शनिवारी.

मी काहीतरी उत्तर दिलं. बहुमताचा मान राखावा लागतो, असं काहीसं. मुलगे क्रिकेट खेळले. मुली पायरीवर बसल्या. मी स्वतः बाई असून दोन महिने हे मला दिसलं नाही, याची टोचणी घरी येईपर्यंत राहिली.

त्या संध्याकाळी मला माझे आजोबा आठवले. आईचे वडील. पेडण्याला त्यांचं किराणा दुकान होतं. मतदान म्हटलं की आजोबांकडे एकच गोष्ट असायची, १६ जानेवारी १९६७ची.

आपल्यापैकी अनेकांना गोव्याचा जनमत कौल ऐकून माहीत असेल. पण वर्गात आपण तो फारसा शिकवत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. तो केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पक्षाची भूमिका उघड होती, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. विरोधी युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा. त्यांचं म्हणणं, निवडणूक जिंकली म्हणून एवढा मोठा निर्णय विधानसभेने परस्पर घ्यायचा नाही. प्रश्न थेट लोकांना विचारा.

शेवटी संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि राष्ट्रपती राजवट आली. मतपत्रिकेवर चित्रं दोनच होती. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल. केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं असेल तर दोन पानं.

आजोबा फुलाचे. पेडण्यात फुलाकडे कल मोठा होता. आजीचे भाऊ म्हापशाला, ते दोन पानांचे. आई सांगते, त्या दिवसांत घराघरांत असेच दोन तट होते. एकीकडे मराठी शाळा, नाटक, भजन, पंढरपूर. दुसरीकडे कोकणी, गोव्याचं वेगळेपण, आणि एवढ्या मोठ्या राज्यात आपण एक जिल्हा होऊन जाऊ ही भीती. दोन्ही बाजूंना आपलं घर वाचवायचं होतं, फक्त घराची कल्पना वेगळी होती.

निकाल लागला. एकूण मतदार ३,८८,४३२. मतदान केलं ३,१७,६३३ जणांनी. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. गोवा केंद्रशासित राहिला.

आजोबा हरले. त्या वर्षी चतुर्थीला आजीचे भाऊ आले नाहीत. पुढच्या वर्षी आले. आजोबांनी दुकानाच्या दारात उभं राहून "या" म्हटलं आणि विषय संपला. "मत पडलं, मोजलं, झालं," एवढंच ते म्हणायचे. नेत्यांनी आपसांत ठरवलं असतं तर ही कुरकूर जन्मभर राहिली असती, असं मला वाटतं. आपल्याला विचारलं होतं, आपण उत्तर दिलं होतं, म्हणून पराभवही पचला. थेट मतदानाचं हे बळ मी कमी लेखत नाही.

आणखी एक गंमत. जानेवारीत विलीनीकरणाला नाही म्हणणाऱ्या याच गोव्याने मार्च १९६७च्या निवडणुकीत पुन्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच निवडून दिलं. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री! म्हणजे लोकांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सरकार तुमचं चालेल, पण हा एक निर्णय तुमचा चालणार नाही. निवडणुकीत आपण एका बटणावर दहा गोष्टींना एकत्र मत देतो. रस्ता, पाणी, शाळा, जात, उमेदवाराचा स्वभाव, सगळं एकाच बटणात. एखाद्या प्रश्नावर वेगळं मत सांगायची सोय त्यात नसते. सार्वमताचा आग्रह धरणारे लोक हेच सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

मग माझ्या वर्गात काय चुकलं?

उत्तर आजोबांच्याच दुसऱ्या आठवणीत सापडलं. ३० मे १९८७ला गोवा घटक राज्य झाला. मी तेव्हा नऊ वर्षांची, मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी. आजोबांनी दुकानात पेढे वाटले. मला सगळी गोष्ट पाठ होती, म्हणून मी विचारलं, "आजोबा, तुम्ही तर फुलाला मत दिलं होतं ना? मग पेढे कसले?" ते म्हणाले, "त्या दिवशी कागदावर हे चित्र नव्हतंच, बाय."

खरंच नव्हतं. गोव्याचं स्वतःचं राज्य, हा तिसरा पर्याय १९६७च्या मतपत्रिकेवर नव्हता. तो यायला आणखी वीस वर्षं लागली. मतदार कितीही शहाणा असला तरी कागदावर असलेल्या चित्रांपैकीच एक निवडू शकतो. चित्रं कोणती छापायची हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. आणि मत कुणाला हेही. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्यायला मिळावं अशी तेव्हा मागणी होती, ती मान्य झाली नाही.

"क्रिकेट की खो-खो?" हा प्रश्न मी ठरवला होता. मैदान वाटून घेता येईल का, शनिवार वाटून घेता येतील का, ही चित्रं मी कागदावर छापलीच नव्हती.

ब्रिटनचं उदाहरण ताजं आहे. २३ जून २०१६ला तिथे विचारलं गेलं, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं? बाहेर म्हणणारे ५१.९ टक्के, राहू म्हणणारे ४८.१ टक्के. पण "बाहेर" म्हणजे नेमकं काय? व्यापाराचं काय, आयर्लंडच्या सीमेचं काय? ते कागदावर नव्हतं. त्यावर त्यांची संसद पुढची तीन-साडेतीन वर्षं भांडत राहिली. शेवटी ३१ जानेवारी २०२०ला देश बाहेर पडला. प्रश्न एका ओळीचा होता, उत्तराला मात्र शंभर पानं लागत होती.

पण प्रश्नाची मांडणी हा एकच दोष नव्हता. माझ्या वर्गातला मोठा दोष दुसराच होता. सोळा आणि अकरा हे आकडे बदलणारच नव्हते. गोव्यात एकदा मत झालं, एक बाजू हरली, आणि पुढच्या प्रश्नावर तीच माणसं वेगळ्या बाजूंना उभी राहू शकली. माझ्या मुली मात्र दर शनिवारी हरत होत्या. जी बाजू कधी जिंकूच शकत नाही तिला मत देऊन काय मिळतं?

यासाठी स्वित्झर्लंडकडे बघू. थेट लोकशाही म्हटलं की सगळे याच देशाचं नाव घेतात. तिथे संसदेने केलेला कायदा पटला नाही तर १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवायच्या, मग तो कायदा लोकांच्या मताला टाकावाच लागतो. राज्यघटनेत बदल हवा असेल तर १८ महिन्यांत १,००,००० सह्या. वर्षातून तीन-चार वेळा लोक मतदान करतात. ग्लारुस आणि आपेनत्सेल इनररोडेन या दोन प्रांतांत तर आजही लोक चौकात जमून हात वर करून निर्णय घेतात, अगदी माझ्या वर्गासारखे.

आता याच देशाची दुसरी बाजू. बायकांना देशपातळीवर मताचा हक्क द्यावा का, हा प्रश्न १ फेब्रुवारी १९५९ला मतदानाला टाकला. मत देणारे कोण? फक्त पुरुष. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी नाही म्हटलं. हक्क मिळाला तो ७ फेब्रुवारी १९७१च्या दुसऱ्या मतदानात. आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत माझ्या पणजीच्या वयाच्या बायका मत देऊन आल्या होत्या, तेव्हा लोकशाहीचं माहेरघर म्हणवणाऱ्या देशात बायका घरी बसलेल्या. आपेनत्सेल इनररोडेनमध्ये तर एप्रिल १९९० मध्येही चौकातल्या पुरुषांनी बायकांना प्रांताच्या मतदानात घ्यायला नकार दिला. शेवटी नोव्हेंबर १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हे चालणार नाही. बायकांना मत द्या.

हे वाचताना मला आमची पायरी दिसत होती. पायरीवर बसलेल्या अकरा मुली.

म्हणूनच काही गोष्टी मताला टाकायच्याच नसतात, असं जाणकार सांगतात. एखाद्याचा मूलभूत हक्क हा बाकीच्यांच्या हात वर करण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. आपल्या राज्यघटनेत देशव्यापी सार्वमताची तरतूद नाही. आपण प्रतिनिधी निवडतो, ते सभागृहात बोलतात, आणि हक्कांवर घाला आला तर न्यायालय आहे. ही पद्धत संथ आहे, कधीकधी चीड आणते. पाच वर्षांतून एकदा विचारायचं आणि मग विसरायचं, हा आक्षेप खोटा नाही.

पण थेट मतदान आपल्याला अगदीच परकं आहे असं नाही. आपल्या महाराष्ट्रात एक फार बोलकं उदाहरण आहे, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं अशी पुरेशा महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रं. दुकान चालू राहू दे म्हणणारीने उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणारीने आडव्या.

हे मी वर्गात फळ्यावर मांडलं, कारण यात गणितही आहे. समजा, गावात ६०० महिला मतदार. मतदानाला आल्या ४००. आडव्या बाटलीला मिळाली २८०, उभीला १२०. दुकान बंद झालं का? सगळा वर्ग ओरडला, "झालं!" मी म्हटलं, "नाही झालं." कारण नियम असा की झालेल्या मतांच्या नव्हे, तर एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. म्हणजे किमान ३०१. घरी बसलेल्या २०० जणी न बोलता उभ्या बाटलीच्याच बाजूला जाऊन बसल्या.

वर्गात एकदम कालवा. "बाई, हा अन्याय!" एक मुलगा म्हणाला. दुसरा म्हणाला, "पण चालू दुकान बंद करायचं तर जास्त लोक नकोत का?" अर्धा तास वाद चालला. मी फळ्याला पाठ लावून नुसती ऐकत उभी होते. स्वित्झर्लंडमध्येही राज्यघटना बदलायची तर नुसतं देशभरातलं बहुमत पुरत नाही, निम्म्याहून जास्त प्रांतांतही बहुमत लागतं, हेही सांगितलं. मोठ्या संख्येने लहानांना चिरडू नये म्हणून घातलेली ती अट.

मग त्या शांत मुलीने पुन्हा हात वर केला. "बाई, बाटलीचा मत फक्त बायकांनीच कित्याक?" मी प्रश्न वर्गाकडेच टाकला. पाच-सात सेकंद कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून एक मुलगा हळूच म्हणाला, "कारण मार त्याच खातत." पुढे कोणी काही बोललं नाही. कोणत्या घरातून हे उत्तर आलं, ते मला कळलं आणि वर्गालाही.

ज्याला निर्णयाची झळ सगळ्यात जास्त लागते त्याचा आवाज सगळ्यात आधी ऐकायचा, ही गोष्ट मी वाक्यात सांगितली असती तर ती वहीत उतरली असती आणि परीक्षेनंतर पुसली गेली असती.

एक उदाहरण आणखी, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाचं. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. आणि निर्णयाआधी अभ्यास गटात बसून विषय समजून घ्यायचा. याला वेळ लागतो. प्रत्येक ठिकाणी हे जमेल असं मला वाटत नाही, करोडोंच्या देशात तर नाहीच. पण सत्तावीस मुलांच्या वर्गात? करून बघायला काय हरकत होती!

पुढच्या शनिवारी खेळाचा तास आम्ही झाडाखाली बसून बोलण्यात घालवला. अटी दोनच. एकाने बोलताना दुसऱ्याने तोडायचं नाही, आणि प्रश्न काय विचारायचा हे आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं. वीस मिनिटांनी प्रश्न बदलला. "क्रिकेट की खो-खो?" याऐवजी "महिन्यातले शनिवार कसे वाटायचे?" असा प्रश्न मुलांनीच काढला. पर्याय चार आले. त्यात एक अनपेक्षित होता. आमचा एक मुलगा दर वेळी क्रिकेटला हात वर करायचा. पायाच्या दुखण्यामुळे तो खेळत नाही, धावा लिहीत बसतो. तो म्हणाला, त्याला दोन्ही नकोत, कॅरम हवा. मग इतके दिवस हात कशाला वर करत होतास? "सगळे करतत म्हणून."

हात वर करून मत घेण्यात हा धोका असतो, शेजारचा बघतोय. म्हणून शेवटचं मत चिठ्ठीवर घेतलं. ठरलं असं: दोन शनिवार क्रिकेट, दोन खो-खो, पाचवा आला तर कबड्डी, आणि व्हरांड्यात कॅरम रोजचाच. सत्तावीसपैकी बावीस चिठ्ठ्या या बाजूने पडल्या.

सगळं गोड झालं असं समजू नका. एक मुलगा अजूनही रुसलेला आहे. त्याचं म्हणणं, "आम्ही जास्त असून आमका अर्धोच वाटो?" त्याचा प्रश्न चुकीचा नाही. मोठमोठ्या देशांतही याच प्रश्नावर वाद चालू आहेत. मी त्याला आजोबांची गोष्ट सांगितली. पटली की नाही, ठाऊक नाही. पण शनिवारी खो-खोत तो चांगला धावतो.

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामसभा शिकवताना हा खेळ जरूर घ्या. मतदान घेण्याआधी मुलांना चार गोष्टी विचारायला लावा. प्रश्न कुणी मांडला? कागदावर नसलेला पर्याय कोणता? मत कुणाला आहे आणि झळ कुणाला लागणार? हरणारी बाजू दर वेळी तीच आहे का? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की मगच हात वर किंवा चिठ्ठी.

आणि पालकांनो, घरीही आपण मत घेतो. टीव्हीवर काय बघायचं, सुट्टीत कुठे जायचं. घरात तीन विरुद्ध एक असा आकडा नेहमीचाच असेल, तर त्या एकाला कधीतरी प्रश्न मांडू द्या. बहुतेक घरांत ती एक व्यक्ती स्वयंपाकघरात असते.

त्या शांत मुलीला मी नंतर वर्गासमोर सांगितलं, "त्या दिवशी तू बरोबर होतीस, मी चुकले होते." ती लाजली, बसली, आणि बाजूच्या मैत्रिणीच्या कानात काहीतरी बोलली. दोघी हसल्या. काय बोलली ते मी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी खो-खोसाठी पहिली पाटी आखायला तीच मैदानात धावली.